डोंगरावरची उतरंड

आता परभणीहून, जिंतूरहून पोरंपोरी रविवारी त्या डोंगरावर जातात. पाठीला पिशव्या, पायात जाड बूट, हातात पाण्याच्या बाटल्या. परवा माझी नात घामेघूम होऊन आली आणि म्हणाली, "आजी, काय हवा असते गं वर! तू गेलीस का कधी?" मी म्हटलं, "गेले असेन." पोरीला काय सांगायचं? त्या डोंगराचं नुसतं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. हवा म्हणे छान असते. असेल. हवेला काय जातंय छान असायला!

आमचं माहेर बोरीचं. आप्पांचं, म्हणजे वडलांचं, गावात किराणा दुकान होतं. आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि श्रावणात सोमवारी डोंगरावरच्या महादेवाला जायचं म्हणजे जायचंच. निजामाचं राज्य होतं तेव्हा. पहाटे गाडी जुंपायची, दिवस वर यायच्या आत पायथ्याशी पोचायचं. तिथं ही गर्दी! जिंतूरच्या तहसिलातले कारकून बायकापोरं घेऊन यायचे, रूमी टोपी घातलेले साहेबलोकसुद्धा हवा खायला यायचे. ते देवळाच्या अलीकडेच सतरंजी टाकून बसायचे आणि डब्यातलं खायचे. फुटाणेवाला, काकडीवाली, कासार, सगळे पायवाटेच्या कडेला मांडून बसलेले. डोंगर अनवाणी चढायचा, त्यामुळे वहाणा खालीच ठेवायच्या. काळा खडक, त्यावर शेवाळ, दोन्हीकडे सीताफळीची झुडपं. आम्ही पोरं माकडासारखी पळत वर जायचो आणि मागून आईच्या शिव्या यायच्या, "पडा, पडा! दात पाडून घ्या, मग बगते!"

देवळाच्या मागे मोठा सपाट खडक होता. त्यावर आमच्या लोकांच्या उतरंडी. घरात मडक्यावर मडकं रचतात ना, तसे दगडावर दगड. घरात जितकी माणसं तितके दगड. तिसऱ्या सोमवारी घरातल्या कर्त्या माणसाने आपली उतरंड उकलायची, एकेक दगड तांब्यातल्या पाण्याने धुवायचा, ज्याचं त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि पुन्हा रचायची. त्या वर्षात घरातलं कोणी गेलं असेल तर त्याचा दगड मागच्या कड्यावर न्यायचा, "गेला" म्हणायचं आणि खाली सोडून द्यायचा. सोडलेला दगड परत मांडायचा नाही. तसं नाव घेऊन सोडलं की ते माणूस सुटलं, आणि मागे राहिलेलेही सुटले. बायकोचं कुंकू त्या दिवसापासून उतरायचं, आणि तिला वाटलं तर तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून द्यायचे. आमच्यात त्याला कोणी नाक मुरडत नव्हतं.

लेक सासरी गेली की तिचा दगड ओटीत घालून तिच्याबरोबर जायचा. सून आली की ती माहेरून आपला दगड आणायची. माझी वहिनी सोनपेठकडची. तिच्या गावाला डोंगर कुठला? तिने गंगेच्या काठचा दगड आणला होता. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. पांढरट, गुळगुळीत, लांबट दगड. आमच्या काळ्या ओबडधोबड उतरंडीत तो लांबून ओळखू यायचा. आई पहिल्या वर्षी म्हणाली होती, "बाई, दगडबी कसा निवडून आणलाय बगा सूनबाईनं." तेव्हा सगळे हसले होते. दादापण हसला होता.

दादा माझा थोरला भाऊ. लग्न होऊन अजून वर्षसुद्धा झालं नव्हतं, तोवर आप्पांशी दुकानावरून काहीतरी वाजलं आणि तो हैद्राबादला जातो म्हणून निघाला. राग शांत झाला की येईल, असं सगळ्यांना वाटलं. आला नाही. मग गावातला एक जण तिकडून परत आला, त्याने खबर आणली की दादा फौजेच्या भरतीत गेला आणि जपानच्या लढाईवर जाणाऱ्या गाडीत त्याला बसताना पाहिलं. झालं. त्यानंतर काही नाही. लढाई संपली, जे यायचे ते आले, आमच्या दारात कोणी आलं नाही. आप्पांनी जिंतूरला विचारलं, परभणीला विचारलं. कोणाला ठाऊक असणार? असं एखादं पोर कुठं गेलं याची कोणत्या सरकारला पडलेली असते!

आई मात्र दर श्रावणात दादाचा दगड पदराने पुसायची आणि नाव घेताना आप्पांचा आवाज बारीक झाला की त्यांच्यावर डाफरायची, "मोठ्यानं घ्या की! तोंडात काय मूग धरलेत?" दगड उतरंडीत होता, म्हणजे दादा होता. दादा होता, म्हणजे वहिनी सवाष्ण होती. इतकी साधी गोष्ट. वहिनीचं वय काय होतं म्हणता? माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. मी तेव्हा परकरातली होते, तिला सुद्धा अजून पोरगीच म्हणावं अशी ती.

लढाई संपल्यावर दुसऱ्या वर्षी आषाढात तिचा भाऊ सोनपेठहून आला. दुकानात आप्पांसमोर बसला. मला आईने गूळ आणायला पाठवलं होतं, मी गुळाच्या ढेपेआड उभी राहून सगळं ऐकलं. तो म्हणाला, "मामा, राग मानू नका. पूर्णेला रेल्वेत एक माणूस हाय. बायको मेलीय, पाठीमागं कोणी न्हाई. आपल्यातलाच हाय. तो म्हणतो, दसऱ्यापस्तोर थांबतो. तुमी यंदा तिसऱ्या सोमवारी दगड सोडा, मी माज्या बहिणीला घेऊन जातो. तिचं सारं आयुष्य पडलंय हो पुढं." आप्पा तराजूचा काटा बोटाने हलवत बसले. मग म्हणाले, "बरं." एवढंच. आईला सांगितलं नाही. आप्पांचं असंच होतं. घरात जे बोलायचं ते चार लोकांत बोलायचे आणि मग लोकांमागे लपायचे.

वहिनीला मात्र तिच्या भावाने सांगितलं होतं. तिसऱ्या सोमवारी मी पायथ्याशीच ओळखलं. एरवी ती आईच्या मागे खाली मान घालून चढायची. त्या दिवशी जेवणाचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती सगळ्यांच्या पुढे. रात्रभर पाऊस पडून गेलेला, खडक निसरडा, आणि ही बया शेळीसारखी भराभरा वर. काकडीवालीशी घासाघीस केली, काकडी घेतली, मोडून अर्धी मला दिली. एका माकडाने हात पुढे केला तर त्याच्यावर ओरडली, "जा की मेल्या, तुजं काय खाल्लंय मी!" आणि खळखळून हसली. तिचं हसणं मी किती वर्षांनी ऐकत होते देव जाणे.

अर्ध्या वाटेवर वडाखाली सगळे विसावा घेतात. तिथं आम्ही दोघी बसलो. आई-आप्पा अजून खालच्या वळणावर होते. खाली भिजलेली शेतं, लांब जिंतूरकडची झाडी, आणि वारं. वहिनी म्हणाली, "खरं सांगू का बाई? तुज्या दादाचं तोंड मला आता नीट आठवत न्हाई. नाक आठवतंय. हसल्यावर दात दिसायचे ते आठवतंय. पण सगळं मिळून एक माणूस होत न्हाई."

मी विचारलं, "तुला जायचंय का वैनी, पूर्णेला?"

"त्या माणसाला कुटं बगितलंय मी! कसा का असंना. मला लेकरू पाह्यजे, बाई. चुलीपुढं बसून कोणावर तरी ओरडायचं हाय मला. ऊठ मेल्या, जेव मेल्या, असं." मग माझ्या हातातली काकडी बघून म्हणाली, "खा की. नुसती धरून काय बसलीस?"

मी तिला म्हटलं, "तू गेल्यावर मला करमायचं न्हाई." ती म्हणाली, "पूर्णा काय विलायतेला हाय का? आगीनगाडीत बसायचं की आलं." मला इतका आनंद झाला की मी पुढचा डोंगर पळत चढले. तो आनंद आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

वर गेलो. महादेवाला पाणी घातलं, बेल वाहिला. मग मागच्या खडकावर. आसपास बोरीची बाकीची घरं आपापल्या उतरंडी उकलत होती. आप्पांनी आमची उकलली, दगड ओळीने मांडले. पहिला आपला धुतला, नाव घेतलं, ठेवला. मग आईचा. मग दादाचा हातात घेतला आणि तसेच बसून राहिले. तांब्यातून पाणी सांडायला लागलं तरी त्यांचं लक्ष नाही. मग उठले. आणि कड्याकडे दोन पावलं टाकली.

आईच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. आणि मग जो हंबरडा फोडला तिने! आजूबाजूच्या सगळ्या उतरंडी तिथंच थांबल्या. ती धावत कड्याशी गेली आणि आडवी बसली, पदर खडकावर पसरला. "माज्या लेकराला जित्तेपणी ढकलायलात का? ढकला! पण आदी मला ढकला. ह्या पदरावरून न्या त्याला."

आप्पा म्हणाले, "अगं, सूनबाईकडं तरी बग."

"तिच्याकडं काय बगायचं? तिला नवरा हाय. माजा लेक हाय तवर तिला नवरा हाय."

लोक जमले. आणि मी सांगते तुम्हाला, एक माणूस, एक बाईसुद्धा वहिनीच्या बाजूने बोलली नाही. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. "आईचं काळीज हो," एक म्हणाली. "आईला कळतं, आई म्हनती हाय म्हनल्यावर असंल," दुसरी म्हणाली. गुरव म्हणाला, "माय आडवी बसल्यावर कसा सोडता? पाप लागंल." आईचं काळीज! मान्य आहे, होतं तिला काळीज. मला आईची दयाच येत होती, खोटं कशाला बोलू. पण समोर दुसरी एक उभी होती डोक्यावर गाठोडं घेऊन, तिला काळीज द्यायला देव विसरला होता का?

आप्पा परत आले. दादाचा दगड धुतला, नाव घेतलं, आईच्या दगडावर ठेवला. दगड दोनदा घसरला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. आई डोळे पुसत उठली आणि म्हणाली, "आता सूनबाईचा."

आप्पांनी हात पुढे केला, तर तो पांढरा दगड जागेवर नव्हता. वहिनीने गाठोडं खाली ठेवलं होतं आणि दगड तिच्या हातात होता. कोणाला काही कळायच्या आत ती कड्यावर गेली. मला वाटलं ती स्वतःच उडी टाकते. मी किंचाळले. पण ती काठावर नीट उभी राहिली, दगड दोन्ही हातांत धरला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गेली."

आणि सोडून दिला. तो खालच्या खडकावर आपटला, मग आणखी खाली, मग झुडपांत कुठंतरी गेला.

आपला दगड आपणच सोडल्याचं कोणी कधी ऐकलं नव्हतं. बायकांनी तोंडाला पदर लावले. आप्पा गुरवाकडे बघायला लागले. गुरव बिचारा काय सांगणार? म्हणाला, "सोडलेला दगड परत मांडत न्हाईत. एवढं मला ठावं हाय." आईने विचारलं, "मग हिला आता काय म्हणायचं?" वहिनीने गाठोडं सोडलं आणि भाकरी वाढायला घेतल्या. आम्ही जेवलो. त्या दिवशी शेंगदाण्याची चटणी होती.

पायथ्याशी तिचा भाऊ गाडी घेऊन उभा होता. गाडीत नवीन घोंगडी अंथरलेली. त्याने बहिणीच्या तोंडाकडे बघितलं. ती म्हणाली, "त्यांचा न्हाई टाकला." तो आप्पांवर, आईवर खूप चिडला, नको ते बोलला. पण बहिणीला गाडीत बस म्हणाला नाही. कसा म्हणणार? नवरा जिवंत असलेल्या बाईचा पाट कोण लावतो? पूर्णेच्या माणसाने तिला घेतली नसती, आणि जातीने ह्याच्या घरचं पाणी बंद केलं असतं. नवरा नुसता दगडात जिवंत आहे, हे कोणाला सांगून कळणार होतं? तो एकटाच गाडी घेऊन गेला. घोंगडीची घडी घालायचं पण त्याला सुचलं नाही.

पुढचे कितीतरी दिवस आम्ही वहिनीला एकटी विहिरीवर जाऊ दिली नाही. मी सावलीसारखी मागे. शेवटी तीच मला म्हणाली, "कामून माज्यामागं हिंडायलीस? मी काय करणार न्हाई. मेलेलं माणूस दोनदा मरतं का?" आणि तिने खरंच काही केलं नाही. दळलं, कांडलं, भाकरी थापल्या, आईचे पाय चेपले. आई तिला वाईट वागवत होती म्हणावं, तर तसंही नाही. तसं असतं तर मला रागवायला तरी जागा मिळाली असती. आई संक्रांतीला तिला आठवणीने नव्या बांगड्या भरायची, सकाळी स्वतःच्या हाताने तिच्या कपाळाला कुंकू लावायची आणि मागे सरून बघायची, नीट लागलंय का. वहिनी कपाळ पुढे करायची.

डोंगर मात्र ती पुन्हा चढली नाही. श्रावणात गाडीत बसून यायची आणि पायथ्याशी आमच्या वहाणांपाशी बसायची. "वर माजं काय हाय?" म्हणायची. पुढे पुढे बोरीचे सगळेच आपल्या वहाणा तिच्यापाशी ठेवायला लागले. तेवढ्या ढिगाऱ्यात ती गुडघे जवळ घेऊन बसलेली असायची. कोणाची वहाण कुठली हे तिला बरोबर ठाऊक असायचं.

मग रझाकारांचं वर्ष आलं. कोण कशाला डोंगरावर जातंय! गावंच्या गावं सरहद्दीपलीकडे पळाली, जी राहिली ती दारं लावून बसली. किती माणसं गेली, पण त्या श्रावणात एकही दगड सुटला नाही. चुलीपुढे बसून वहिनी म्हणाली, "यंदा कोणीच मेलं न्हाई म्हणायचं." मी तिच्याकडे बघितलं. तिला ती थट्टा वाटत होती की काय, मला कळलं नाही. भाद्रपदात पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, गावात झेंडा लागला, पेढे वाटले. आई ओसरीवर येऊन बसली. "आता गाड्या सुरळीत चालतील," म्हणायची, "आता येईल तो." त्याच दिवाळीत वहिनीचा भाऊ आला आणि जाता जाता म्हणाला की पूर्णेच्या माणसाने लग्न केलं. वहिनी तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "कोणत्या गावची केली?" त्याने सांगितलं. "बरं झालं," म्हणाली आणि खडे वेचत राहिली.

माझं लग्न जिंतूरला झालं. माझा दगड ओटीत घालून सासरच्या उतरंडीत गेला, त्याच डोंगरावर, चार पावलं पलीकडे. म्हणून दर श्रावणात मला आमच्या घराची उतरंड दिसत राहिली. आधी आप्पांचा दगड सुटला, चुलतभावाने सोडला. काही वर्षांनी आईचा. मरताना आईने वहिनीचा हात धरला आणि म्हणाली, "त्याला गरम भाकरी लागती." ते वहिनीने मला सांगितलं तेव्हा मी भडकले, "आणि तू काय म्हणालीस?" "काय म्हणणार? हो म्हणलं."

आई गेल्यावर उतरंडीत एकच दगड उरला. दादाचा. ज्याला इतक्या वर्षांत कोणी पाहिलं नाही तो घरात एकटा जिवंत, आणि जी रोज चूल पेटवत होती तिचा पत्ताच नाही. मला कितीदा वाटलं, जाऊन त्या दगडाला लाथ घालावी. पण मी दिल्या घरची लेक, माहेरच्या दगडाला हात लावायचा मला हक्क नाही. तो कोणी सोडायचा? चुलतभाऊही तोवर वारला होता, सोडणारं कोणी राहिलंच नव्हतं.

वहिनी वारली तेव्हा मी बोरीला गेले. तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या, कपाळभर कुंकू लावलं. बायकांनी तिची ओटी भरली, तिचं कुंकू आपापल्या कपाळाला लावून घेतलं. मला म्हणाल्या, "लय नशिबाची बाई. कुंकू घेऊन गेली." मी एकीच्याही अंगावर धावून गेले नाही. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. मातीच्या आत बसवलेली वहिनी, तिच्या हातात तिचं लिंग, आणि कपाळावर माझी आई लावायची ते कुंकू. आणि चार बायका हेवा करत उभ्या.

पुढच्या श्रावणात मी डोंगर चढले. सासरची उतरंड मांडून झाल्यावर एकटीच मागच्या कड्यावर गेले. दुसऱ्या घरचे लोक आपल्या माणसाचा दगड आणत होते, नाव घेत होते, "गेला" म्हणत होते, रडत होते. मी हात रिकामे घेऊन उभी. वहिनीसाठी सोडायला माझ्याजवळ काही नव्हतं. खाली झुडपांत तो पांढरा दगड कुठं दिसतो का, म्हणून वाकून बघितलं. इतक्या वर्षांचा गाळ, पाला, कुठला दिसायला! मागनं कोणीतरी म्हणालं, "आजी, सरका जरा, आमाला सोडायचा हाय." मी सरकले.

सवयीने मी वहाणा वहिनीच्या नेहमीच्या जागी ठेवून वर गेले होते. खाली आले तर त्या कोणीतरी नेल्या होत्या. मी अनवाणी घरी आले.